पाखरू छाप कडीची नोंद

४ मार्च

आज सकाळी एक माणूस कुबड्या टेकत कारखान्यात आला, माझ्या टेबलावर एक कडी आपटली आणि म्हणाला, "ताई, तुमच्या पाखरानं सोडलं मला."

माणूस रंगारी. उंच इमारती बाहेरून रंगवतो. कमरेला पट्टा, पट्ट्याला कडी, कडीत दोर, आणि असा दिवसभर हवेत लोंबकळत काम करतो. महिन्यापूर्वी दुसऱ्या मजल्यावर असताना कडीचं तोंड आपोआप उघडलं. खाली वाळूचा ढीग होता म्हणून एका पायावर निभावलं. "आणखी दोन मजले वर असतो तर ही तक्रार घेऊन बायको आली असती," असं म्हणून तो हसला. मला मात्र हसू आलं नाही. कडीवर आपलाच छाप होता, पंख पसरलेलं पाखरू.

बाबा आतून आले. कडी हातात घेतली, अंगठ्याने दोनदा तोंड उघडमीट केलं आणि म्हणाले, "ही माझी नाही."

झालं! ना चष्मा लावला, ना उजेडात धरली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. समोर माणूस पाय मोडून घेऊन बसलाय आणि आपण बघण्याचीही तसदी घेत नाही?

"मालक, छाप तर तुमचाच आहे," रंगारी म्हणाला.

"छाप माझा आहे. कडी माझी नाही."

बाबांनी तीस वर्षांपूर्वी ही कडी स्वतःच्या हाताने घडवली. तिच्याबद्दल कोणी चकार शब्द काढला तर त्यांना लागतं, हे मला माहीत आहे. पण आज ते आतून हादरले असणार. रंगाऱ्याला पाणी देताना पेला त्याच्यापासून वीतभर लांबच धरून उभे राहिले. त्यानेच पुढे वाकून घेतला.

शाळेतली विज्ञानशिक्षिकेची नोकरी सोडून मी इथे आले त्याला आता सहा महिने झाले. "जरा कागदपत्रं बघायला ये," एवढंच बाबा म्हणाले होते. कागदांचा त्यांना कंटाळा, हे उघड आहे. आजवर मला वाटायचं, मी इथे नुसती फायलींवरची धूळ झटकतेय. आज पहिल्यांदा वाटलं की काहीतरी करायला हवं, आणि ते मीच करायला हवं.

९ मार्च

रंगारी म्हणजे अवलिया आहे! पाय प्लास्टरमध्ये, तरी कुबड्या घेऊन पाच दुकानं पालथी घातली आणि आठ कड्या विकत घेऊन आला. वर मला आवाज खाली करून सांगतो, "ताई, दुकानदाराला वाटलं, लंगडं गिऱ्हाईक आहे, याला काय कळतंय. सगळं ओकला तो."

आठांपैकी पाच खोट्या. बाबांनी पुन्हा तोच प्रकार केला. आठही कड्या ओळीने हातात घेतल्या आणि वेगळ्या करून ठेवल्या, पाच सेकंदांत. मी मात्र भिंग घेऊन तासभर बसले तेव्हा फरक सापडला. खोट्या पाखराच्या डाव्या पंखात दोनच पिसं आहेत, आपल्याला तीन. एवढी आनंदले की ओरडलेच! बाबा म्हणाले, "असेल."

माल जहाजाने येतो, असं दुकानदार ओकला. खोक्यावर पत्तासुद्धा आपलाच छापलेला. आणि खरी मेख इथेच आहे. गेली दोन वर्षं आपली खरी कडीही परदेशातल्या एका भट्टीतच घडते, बाबांच्या आराखड्याप्रमाणे, आणि जहाजानेच येते. म्हणजे खरी नि खोटी, दोघी एकाच बंदरात, एकाच दारातून आत येतात. दारावरच्या माणसाने ओळखायची कशी?

शाळेतल्या एका जुन्या मैत्रिणीचा नवरा वकील आहे. त्याला फोन केला. त्याने जे सांगितलं त्याने मी खुर्चीतून उठूनच उभी राहिले. आपल्या ट्रेडमार्कची कस्टम्सकडे नोंद करता येते! एकदा नोंद झाली की आपला छाप असलेला संशयास्पद माल ते बंदरातच अडवतात, आपल्याला कळवतात, आणि ठरलेल्या मुदतीत आपण जाऊन खरं-खोटं दाखवायचं. दुकानादुकानांत चोर शोधत हिंडायला नको. सगळ्या देशाला एकच उंबरठा, आणि त्यावर आपला पहारा!

सगळे नियम छापून आणले, एकोणीस पानं. बाबांपुढे ठेवली.

"तूच वाच. मोठ्याने."

"बाबा, एकोणीस पानं आहेत."

"तुझे उच्चार चांगले आहेत."

वाचली. ते मान टेकून, डोळे मिटून बसले होते. सातव्या पानाला वाटलं, लागली समाधी. तेवढ्यात म्हणाले, "मघाचं बारावं कलम परत वाच." मी जन्मभर मुलांना शिकवलं, पण असा विद्यार्थी मिळाला नाही.

२२ मार्च

अर्ज, ट्रेडमार्कचं प्रमाणपत्र, हमीपत्र, अधिकृत आयातदारांची यादी, खऱ्या-खोट्यातल्या फरकांचं वर्णन. एकेक कागद जमवताना मला परीक्षेच्या आदल्या दिवसासारखी गंमत वाटते आहे. हे कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून ही वही.

बाबांच्या अकरा सह्या घेतल्या. "कुठे?" "इथे, चौकटीत." "इथे म्हणजे कुठे, बोट ठेव." बोट ठेवल्याशिवाय सही करणार नाहीत! मालक माणूस, आपल्याच लेकीवर इतका अविश्वास? शेवटच्या दोन सह्यांच्या वेळी माझा फोन वाजला म्हणून मी बाहेर गेले, तर त्यांनी त्या एकट्याने केल्या.

घरी आईचं एक नवीनच सुरू झालंय. जेवताना बाबांना एकसारख्या सूचना. "अहो, पाणी उजव्या हाताला आहे. वाटी गरम आहे, पलीकडे ठेवलीय." चाळीस वर्षांच्या संसारानंतर बायका अशाच होत असतील तर माझं एकटीचं बरं चाललंय. बाबा निमूट ऐकतात, हे त्याहून नवल.

१२ एप्रिल

अर्ज परत! संताप संताप झालाय.

कस्टम्सच्या कचेरीत तिसऱ्या मजल्यावर एक साहेब बसतात. टेबलावर टाचण्यांची वाटी, शर्टाच्या खिशाला टाचण्या, तोंडातही एखादी. मी मनात त्यांचं नाव टाचणीसाहेब ठेवलं. त्यांनी दोन कागद टाचणी काढून माझ्याकडे सरकवले. "मॅडम, ही सही चौकटीबाहेर आहे. आणि ही तर तारखेवरच आहे. व्यवस्था ऑनलाइन असली तरी मूळ कागद आम्ही बघतो."

त्याच दोन सह्या, मी नसताना केलेल्या!

घरी येऊन बाबांवर चांगलीच घसरले. "एक चौकट पाळता येत नाही? महिनाभर मी मरमर मरतेय आणि तुम्हाला काही पडलेलीच नाही."

ते खुर्चीची पाठ चाचपत उठले. मग म्हणाले, "चौकट जरा लहान होती."

आई आतून आली आणि माझ्यावरच डाफरली, "पुरे आता. नवीन कागद आण, परत करतील." कोण कुणाच्या बाजूने आहे, या घरात काही कळत नाही.

बाबा जिन्याने वर गेले, भिंतीवरून हात फिरवत. ओल आलीय का ते बघत असतील. एवढं बोलले मी, आणि यांचं लक्ष भिंतीच्या ओलीत!

३ मे

झाली! झाली! नोंद झाली!

टाचणीसाहेबांनी स्वतः फोन केला. आपल्या पाखराला एक नोंदणी क्रमांक मिळालाय. आता देशातल्या कुठल्याही बंदरावर, विमानतळावर आपला छाप दिसला की त्यांच्या संगणकावर पाखरू फडफडणार. (फडफडत नाही, नुसती तांबडी ओळ येते. साहेबांनी मुद्दाम सांगितलं.)

कारखान्यातल्या सगळ्यांना पेढ्यांऐवजी बिस्किटं वाटली, कारण हाताशी तीच होती. बाबांना कागद दाखवला. त्यांनी तो हातात धरला, वरची उठावाची मोहोर बोटांनी कितीतरी वेळ चाचपली. "छान उमटलीय," म्हणाले. कागद उलटा धरलाय हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, अशा वेळी कागदाकडे कोण बघतं.

१९ मे

आजच्यासारखा पोपट आयुष्यात झाला नसेल.

सकाळी दहाला फोन. "मॅडम, तुमच्या छापाचा माल अडवलाय. चाळीस खोकी." मी किंचाळलेच. बाबांना ओढत गाडीत घातलं, रंगाऱ्याला फोन केला, वकिलाला फोन केला, जणू वाघच पिंजऱ्यात सापडलाय. दोन तासांनी बंदरावर धापा टाकत पोहोचलो. टाचणीसाहेबांनी खोकं उघडून एक कडी बाबांच्या हातात दिली.

बाबांनी अंगठ्याने तोंड दाबलं. आणि हसायला लागले. हसता हसता ठसका लागला.

"साहेब, हा आमचाच माल आहे."

अधिकृत आयातदारांच्या यादीत मी आपल्या फर्मचं जुनं नाव टाइप केलं होतं. मी. स्वतः. सह्यांवरून आकाशपाताळ एक करणारी मी.

टाचणीसाहेबांनी तोंडातली टाचणी काढली. "मॅडम, चोरापासून वाचवायला कुलूप दिलं तर तुम्ही स्वतःलाच कोंडून घेतलंत."

परतीच्या वाटेवर बाबांना मधूनमधून हसू फुटत होतं. शेवटी मीही हसले. अर्ज परत आल्यापासून आमच्यात जी अढी बसली होती, ती कुठच्या कुठे गेली.

२४ मे

यादी दुरुस्त केली. शिवाय साहेबांच्या सांगण्यावरून खऱ्या-खोट्याचा रंगीत तक्ता केला, दुकानांतही लावायला, मोठमोठे फोटो टाकून. पाच फरक: पिसं तीन आणि दोन. क्रमांकाचे आकडे जाड आणि बारीक. खिळ्याचं डोकं गोल आणि चपटं. खोलगट भागातली चकाकी. खोक्याच्या छपाईतला निळा. माझ्या आजवरच्या सगळ्या तक्त्यांत हा सर्वांत देखणा. शाळेत असते तर भिंतीवर लावला असता.

बाबांपुढे धरला.

"फोटोत काय कळणार?" ते म्हणाले. "फोटो बघून ते सुधारतील."

कौतुकाचा एक शब्द नाही. मला खरंच वाटायला लागलंय की मी हे सगळं इतकं मनापासून करतेय हे त्यांना आवडत नाही. स्वतःच बोलावलं, आणि आता लेक पुढे जातेय तर सलतं.

२० जून

काही नाही. फोन वाजला की धावते. आज विम्याचा होता.

रंगाऱ्याचं प्लास्टर निघालं. पण अजून वर चढत नाही. "ताई, दोरावर हात ठेवला की घाम फुटतो," म्हणाला. त्याची बायको सध्या घरोघरी खिडक्यांच्या चौकटी रंगवायला जाते आणि हा तिला खालून सूचना देतो. "ती ऐकत नाही," एवढीच तक्रार.

११ जुलै

माल अडवला! आणि या वेळी आपला नाही! तीनदा खात्री केली.

सहाशे खोकी. आयातदाराचं नाव कधी ऐकलेलं नाही. कागदावर आपलाच छाप. मुदत दहा दिवसांची; तेवढ्यात आपण पुढे होऊन दाखवलं नाही तर माल सुटणार. सहाशे खोकी म्हणजे तीस हजार कड्या. तीस हजार माणसं हवेत लोंबकळणार. हा हिशेब डोक्यातून जात नाही.

परवा समोरासमोर तपासणी आहे. नमुन्याला आपल्या दहा खऱ्या कड्या आणायला सांगितल्यात. बाबा म्हणाले, "मीही येतो." मी म्हटलं, "तक्ता आहे माझ्याकडे, तुम्ही कशाला दगदग करता?" ते म्हणाले, "असू दे."

१३ जुलै

खूप रात्र झालीय. पण आजचं आजच लिहायला हवं.

बंदराची ती शेड म्हणजे एखाद्या मैदानावर छत घातल्यासारखी. खोक्यांच्या भिंती, पुठ्ठ्याचा आणि डिझेलचा वास, माल उचलणाऱ्या गाड्यांची पीं-पीं. मध्ये एक लोखंडी टेबल. एका बाजूला टाचणीसाहेब, दुसऱ्या बाजूला आयातदाराचा एजंट. अत्तर लावलेला, गोड बोलणारा.

"मॅडम, गैरसमज झालाय तुमचा," तो म्हणाला. "भट्टी तीच, माल तोच. जास्तीचा काढलेला आहे, एवढंच. फरक दाखवा, मी लगेच सही करतो."

मी ऐटीत तक्ता पसरला. खोकं फोडून कडी काढली. भिंग लावलं.

पिसं तीन.

आकडे जाड. खिळ्याचं डोकं गोल. चकाकी तशीच. खोक्याचा निळा तर आपल्यापेक्षा सरस. पाचही फरक भरून काढलेले! बाबा म्हणाले होते, सुधारतील.

"हुबेहूब आहे, साहेब," एजंट म्हणाला.

टाचणीसाहेब माझ्याकडे बघत होते. "मॅडम? काहीतरी दाखवावं लागेल. नाहीतर मला माल सोडावा लागेल."

मी आणखी एक कडी काढून भिंगाखाली धरली. तेव्हा बाबा मागून म्हणाले, "साहेब, एखादी पिशवी मिळेल का? आणि बसायला खुर्ची."

त्यांनी साहेबांना आमच्या दहा कड्यांचे क्रमांक कागदावर उतरवून घ्यायला सांगितले. मग सहाशे खोक्यांतल्या कुठल्याही दहा काढायला लावल्या. वीसही पिशवीत घालून हलवल्या. पिशवी मांडीवर घेऊन बाबा बसले, हात आत घातला. एक कडी काढली, अंगठ्याने तोंड दाबलं, सोडलं. उजवीकडे ठेवली. दुसरी. डावीकडे. तिसरी. डावीकडे. शेडमध्ये एवढा गोंगाट, पण आम्हाला फक्त ती टक, टक ऐकू येत होती.

दहाबारा झाल्यावर एजंट उसळला. "साहेब, ही काय थट्टा आहे? आजोबा क्रमांक पाठ करून आलेत. वाचून ओळखतायत!"

बाबांचा हात थांबला.

"वाचून?" ते म्हणाले. "वाचता आलं असतं तर आणखी काय हवं होतं हो? मला दिसत नाही."

मी हसले. देवाशपथ, मी हसले. मला वाटलं, एजंटची जिरवतायत. मग टाचणीसाहेबांनी कागद पुढे केला, बाबांच्या हाताजवळ, अगदी बोटभर अंतरावर. बाबांनी तो घेतला नाही. तो तिथे आहे हे त्यांना कळलंच नाही.

माझं हसू तिथेच विझलं. पण बाबांनी तिकडे लक्षच दिलं नाही. उरलेल्या कड्या काढल्या, ठेवल्या, पिशवी झटकून घडी केली.

साहेबांनी मोजलं. डावीकडे अकरा, उजवीकडे नऊ.

एजंटचा चेहरा फुलला. साहेबांनी क्रमांक ताडून पाहिले. खोक्यातल्या दहाच्या दहा डावीकडे. पण आमच्या दहांतलीही एक त्यांच्यातच!

"काका, ही तुमची आहे," साहेब जरा ओशाळून म्हणाले. "आमच्या यादीत आहे."

बाबांनी ती परत मागितली. साहेबांनी तळहातावर ठेवली. टक. "ही माझी नाही."

"बाबा, मी स्वतः आणलीय," मी कुजबुजले.

"कुठून आणलीस?"

नऊ गोदामातल्या. दहावी कमी पडली म्हणून निघताना टेबलाच्या खणातून उचललेली. आणि मग आठवलं. त्याच खणात मार्चपासून रंगाऱ्याने आणलेल्या कड्या पडल्या होत्या. मी भिंग घेतलं. माझ्याच तक्त्यापुढे ती कडी धरली. डाव्या पंखात पिसं दोन.

क्षणभर गप्प बसावंसं वाटलं. मग सांगून टाकलं. "साहेब, चूक माझी आहे. ही बाजारातली खोटी कडी मीच घेऊन आले. बाबा बरोबर आहेत. अकराही खोट्या आहेत."

टाचणीसाहेबांनी भिंगातून पिसं मोजली. दोनदा मोजली. मग माझ्या बाबांसमोर उकिडवे बसले, लहान मुलासारखे. "काका, कसं कळतं? मला शिकवा."

बाबांनी साहेबांचा अंगठा धरून कडीच्या तोंडावर ठेवला. "दाबा. आता हळूच सोडा. शेवटच्या केसभर अंतरात ती तुमच्या हातातून सुटते आणि स्वतःच मिटते. कळलं? मी खिळा मध्यावर ठेवला नाही, केसभर खाली घेतलाय. माणूस लटकला की तोंड आणखी घट्ट मिटावं म्हणून. दिसायला ते दिसत नाही. बघून नक्कल करणारा खिळा मध्यावरच मारणार."

साहेबांनी एक खरी दाबली, एक खोटी दाबली. परत खरी. त्यांचा चेहरा असा उजळला की बस. "अरे!" एवढंच म्हणाले. मग एजंटकडे वळून, "आता तुम्ही दाबून बघा." एजंटने हात मागे घेतला.

नमुने मोहोर लावून ताण-तपासणीला गेले. माल अडकलेलाच राहणार.

गाडीत मी स्टिअरिंगवर हात ठेवून नुसती बसून राहिले. बाबा म्हणाले, "चल की. का उजेड गेलाय?" आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसले. मी मात्र रडले. आनंदाने की कशाने, मला सांगता यायचं नाही.

१४ जुलै

आईशी भांडले. काचबिंदू. तीन वर्षांपासून कडेकडेने अंधार चढत आलाय. आता फक्त उजेड आणि सावल्या कळतात. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही. आईला सगळं पहिल्या दिवसापासून माहीत.

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर नोकरी सोडून आली असतीस."

"आलेच की!"

"आलीस. पण त्यांची कीव करून नाही आलीस." आई कपड्यांच्या घड्या घालत होती, वर बघितलंही नाही तिने. "त्यांना तुझ्याकडून भांडण हवं होतं, दया नको होती. सह्यांवरून तू ओरडलीस ना, त्या दिवशी मला म्हणाले, पोरगी धंद्याला तयार झाली."

एवढ्या महिन्यांत मला काहीच कसं दिसलं नाही? शाळेत मागच्या बाकावरच्या मुलीला फळा दिसत नाही हे पहिल्या आठवड्यात ओळखायची मी.

बाबांकडे गेले. माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, "खणातल्या कड्यांना आता तरी चिठ्ठी लाव. गाढवीण कुठली."

५ ऑगस्ट

तपासणीचा अहवाल आला. खोटी कडी ठरलेल्या भाराच्या तिसऱ्या हिश्शालाच उघडते. खोक्यांतून काढलेल्या वीसच्या वीस. आदेश निघाला: सगळा माल जप्त, आणि वितळवून नष्ट. तीस हजार! आयातदारावर वेगळा खटला.

बाबांना आदेश वाचून दाखवला. आता मी न सांगताच मोठ्याने वाचते, आणि मध्ये मध्ये शेरेही मारते. 'वितळवून' या शब्दाला त्यांनी टेबलावर बुक्की मारली. "परत वाच." चार वेळा वाचला.

टाचणीसाहेबांनी आदेशाबरोबर वेगळी चिठ्ठी पाठवली आहे. दुसऱ्या बंदरावरच्या त्यांच्या सहकाऱ्यांना हे शिकायचंय. काका येतील का?

आई म्हणाली, "इतक्या लांब? रेल्वेने? अहो, या वयात?" बाबा म्हणाले, "माझी कडीसुद्धा समुद्र ओलांडून येते." आणि विषय संपला.

३ सप्टेंबर

दुसऱ्या बंदराच्या विश्रामगृहात बसून लिहितेय. अजून बाहेर लख्ख ऊन आहे. बाबा पलीकडच्या खाटेवर आडवे झालेत, पण झोपलेले नाहीत. पायाचा अंगठा हलतोय.

आज बावीस अधिकारी होते. गणवेश, बिल्ले, करकरीत बूट. काहींच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं की हा म्हातारा आपल्याला काय शिकवणार. मी बाबांना खुर्चीपर्यंत नेलं, कानात सांगितलं, "समोर बावीस जण, तीन रांगा, डावीकडे खिडकी." माझा तक्ता मी नेलाच नव्हता.

प्रत्येकाच्या हातात दोन-दोन कड्या दिल्या, एक खरी, एक जप्त मालातून नमुन्याला राखून ठेवलेली खोटी. बाबा उभे राहिले, खाकरले. आयुष्यात कधी चार माणसांसमोर बोलले नसतील. म्हणाले, "आधी सगळ्यांनी नीट बघून घ्या."

सगळ्यांनी बघितल्या. उलटसुलट केल्या, खिडकीकडे धरल्या. एका तरण्या अधिकाऱ्याने मोबाइलचा दिवा लावला. कुजबुज सुरू झाली. पैज लागली. हात वर करायला सांगितले तर निम्म्यांना डावी खरी वाटत होती, निम्म्यांना उजवी.

"झालं बघून?" बाबा म्हणाले. "आता डोळे मिटा."

आधी थोडे हसले. मग एकेकाने मिटले. पुढच्या रांगेतल्या एका जाड्या साहेबाने शेवटी, अगदी नाइलाजाने.

"अंगठ्याने दाबा. घाई नको. आता सोडा. शेवटच्या केसभराकडे लक्ष द्या."

टक. टक. टक. सगळी खोली कड्यांच्या आवाजाने भरून गेली. मिटलेल्या डोळ्यांखाली एकेक चेहरा बदलत गेला. कुणाची भुवई वर गेली, कुणी ओठ चावला, आणि मग तो जाडा साहेब डोळे न उघडताच ओरडला, "ही! ही खरी!" पाठोपाठ दुसरा, तिसरी, पाचवा. "ही! ही!" बावीस हात वर, आणि बावीसही हातांत पाखरू खरं.

त्या एवढ्या मोठ्या खोलीत डोळे उघडे असलेली आम्ही दोघंच होतो. बाबा सरळ समोर बघत उभे होते, आवाजांकडे मान वळवत.

"किती?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"सगळे, बाबा."

"सगळे?"

"एकूण एक."